एकदाच येणारं गिऱ्हाईक

पर्यटनस्थळाच्या दारातलं जेवण वाईट का असतं? आपल्याकडे ह्याचं उत्तर ठरलेलं आहे. "अहो, लुटतात सगळे!" रोमला जाऊन आलेला मित्र हेच सांगतो, महाबळेश्वरला जाऊन आलेली मामी हेच सांगते आणि अजिंठ्याहून परत आलेले पुण्याचे पाहुणेही हेच सांगतात. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. लुटणारे असतात, नाही असं नाही. पण रोमचा वेटर, महाबळेश्वरचा हॉटेलवाला आणि अजिंठ्याच्या पायथ्याचा मॅनेजर ह्यांनी एकत्र बसून काही कट केलेला नाही. भाषा वेगळी, मसाले वेगळे, चलन वेगळं, आणि तरीही ताटात येणारी निराशा अगदी सारखी. आमच्या धंद्यात एकच बग दहा वेगवेगळ्या सर्व्हरवर दिसला की कुणा एका प्रोग्रॅमरला शिव्या घालून भागत नाही. गडबड डिझाइनमध्ये असणार असं धरून आपण तिकडे शोधायला लागतो. आजचा लेख त्या शोधाबद्दल.

मी मूळचा वरणगावचा. भुसावळहून नागपूरच्या दिशेने हायवेला लागलं की थोड्याच वेळात आमचं गाव येतं. बाहेरच्यांना ते माहीत असतं ते १९६४ साली सुरू झालेल्या दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे. बाकी गावाच्या नावातच वरण आहे, तेव्हा जेवणावर चार शब्द बोलायचा हक्क मला आपोआप मिळतो असं मी धरून चालतो. गावातून अजिंठ्याला जायचं तर भुसावळ, जामनेर, पहूर असं करत फर्दापूरला पोचायचं. सरकारी नकाशात अजिंठा मराठवाड्यात, सोयगाव तालुक्यात. पण लेणी ज्या वाघूर नदीच्या काठावर कोरलेली आहेत ती नदी तिथून खाली आमच्याकडे उतरते आणि जळगाव-भुसावळच्या मधून जाऊन तापीला मिळते. लेण्यांचं रेल्वे स्टेशनही बहुतेकांसाठी जळगावच, तिथून साधारण साठ किलोमीटर. म्हणजे नदीच्या आणि रेल्वेच्या हिशोबाने अजिंठा खानदेशाच्या अंगणात आहे. आमच्याकडे कुणी पाहुणे आले की त्यांना अजिंठा दाखवायचा हा रिवाज आहे, त्यामुळे माझ्या फेऱ्या किती झाल्या हे मी मोजणं सोडून दिलंय.

लेण्यांबद्दल काय सांगायचं! १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ती पडली, १९८३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, आणि पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभं राहिलं की हे सगळे आकडे विसरायला होतात. प्रश्न सुरू होतो दुपारी दीड वाजता. पाय दुखतायत, ऊन लागलंय, पोटात कावळे ओरडतायत. बस तुम्हाला खाली फाट्यावर सोडते आणि मग तुम्ही समोर दिसेल त्या हॉटेलात शिरता. मेन्यू कार्ड आठ पानी. पनीर बटर मसाला, पनीर टिक्का मसाला, व्हेज कोल्हापुरी, व्हेज हंडी, दाल तडका, जीरा राईस, हक्का नूडल्स, मंचुरियन. हे कार्ड डोळे झाकून उचलून लोणावळ्याला, शिर्डीला किंवा मनालीला ठेवलं तरी कुणाला कळणार नाही. तीन वेगवेगळ्या नावांच्या भाज्या मागवल्या तर तिन्हींत तीच एक लालसर ग्रेव्ही येते. एकीवर क्रीमची रेघ, दुसरीवर कोथिंबीर, तिसरीत सुकी मिरची. (सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. बॅकएंड एकच, फक्त स्किन वेगळी.)

आता त्याच वेळी, तिथून तासा-दीड तासाच्या अंतरावर काय शिजत असतं ते बघा. अजिंठ्याला सगळ्यात जास्त गर्दी हिवाळ्यात. आणि हिवाळा म्हणजे आमच्याकडे भरताचा मोसम. तापीकाठची भरताची वांगी मोठी, फिकट हिरवी, कमी बियांची असतात. यावल तालुक्यातल्या बामणोदचं नाव त्यासाठी घेतलं जातं. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळ्यालाही त्याच वर्षी. ही वांगी गॅसवर भाजायची नसतात. कापूस वेचून झाला की शेतात ज्या काड्या उरतात, किंवा तुरीच्या काड्या, त्यांच्या जाळावर ती भाजायची. साल काळी होऊन सुटते आणि धूर आत गरात मुरतो. मग हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून, सोललेल्या वांग्यांबरोबर लाकडाच्या बडगीत मुसळीने ठेचायचं. वर तेलाची फोडणी, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी किंवा गरमागरम पुऱ्या. शेतात भरताची पार्टी असली की माणसं किती आणि वांगी किती ह्याचा हिशोब किलोत होतो. जळगावात भरीत सेंटरं आहेत, तिथे लोक डबे घेऊन रांगेत उभे राहतात.

म्हणजे बघा, वांगी त्याच मोसमात, सरपण त्याच मोसमात फुकटात, आणि जपान, थायलंड, श्रीलंकेपासून पुण्या-मुंबईपर्यंतचे पर्यटकही त्याच मोसमात. इतका सरळ योग जुळून आलेला असताना माझ्या इतक्या फेऱ्यांत मला त्या फाट्यावर भरीत-भाकरीचं ताट एकदाही मिळालेलं नाही. शेवभाजी कधीमधी मिळते, पण तीही त्याच लालसर ग्रेव्हीत फरसाणाची शेव टाकून. खरी शेवभाजी भाजलेला कांदा-खोबरं आणि काळ्या मसाल्याच्या रश्श्याची, आणि त्यात जाड तिखट शेव, ती पण वाढताना टाकलेली.

आता डिझाइनकडे येऊ. रॉबर्ट ॲक्सेलरॉड नावाच्या राज्यशास्त्रज्ञाने सहकार्यावर १९८४ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्याआधी त्याने कॉम्प्युटर प्रोग्रॅम्सची एक स्पर्धा घेतली होती. प्रत्येक प्रोग्रॅम दुसऱ्याशी पुन्हा पुन्हा एक खेळ खेळणार, दर वेळी ठरवणार की समोरच्याशी नीट वागायचं की फसवायचं. जिंकला तो अनातोल रॅपोपोर्टचा अगदी छोटासा प्रोग्रॅम: पहिल्या डावात नीट वाग, नंतर समोरचा जसा वागला तसं वाग. ह्या सगळ्यातली मेख अशी की नीट वागणं फायद्याचं ठरतं ते उद्या पुन्हा भेट होणार असेल तरच. एकच डाव असेल आणि नंतर तोंड बघायचं नसेल, तर फसवणारा वरचढ. ॲक्सेलरॉड ह्याला भविष्याची सावली म्हणतो. उद्याची सावली आजच्या वागण्यावर पडते.

आमच्या गावातल्या भजीवाल्यावर ही सावली रोज पडते. त्याचं तेल जुनं झालं तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं. लग्नातल्या आचाऱ्यावर तर ती फारच लांब पडते. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी ह्या पंगतीत भाजी खाली लागली, तर पुढच्या सीझनला त्याला बोलवायचं की नाही हे त्याच पंगतीत ठरतं. हायवेवरच्या ट्रकवाल्यांच्या ढाब्याचंही तेच. सुरतहून नागपूरकडे जाणारा ड्रायव्हर आठवड्या-पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच रस्त्याने येणार असतो. डाळ पातळ केली तर तो पुढच्या ढाब्यावर ब्रेक मारेल. अजिंठ्याच्या फाट्यावर मात्र गिऱ्हाईक एकदा येतं, आयुष्यात एकदा. टोकियोचा माणूस तुमची दाल मखनी खराब होती म्हणून पुढच्या महिन्यात येणं बंद करणार नसतो. तो तसाही येणार नव्हता. आणि ती फार चांगली होती म्हणूनही येणार नव्हता. मग मॅनेजरने डाळ चांगली करायची ती कुणासाठी?

अर्थशास्त्रात हे जुनं आहे. १९७७ मध्ये स्टीव्हन सॅलप आणि जोसेफ स्टिग्लिट्झ (ज्यांना २००१ साली नोबेल मिळालं) ह्यांनी एक निबंध लिहिला. बाजारात काही गिऱ्हाइकांना कुठे काय भावाने मिळतं हे माहीत असतं, काहींना नसतं. जाणकार गिऱ्हाइकं पुरेशी असली तर दुकानदारांना भाव रास्त ठेवावे लागतात आणि त्याचा फायदा अडाणी गिऱ्हाइकालाही मिळतो. जाणकार कमी झाले की काही दुकानं फक्त अडाण्यांच्या जिवावर, चढ्या भावाने चालू शकतात. त्या निबंधात गोष्ट भावाची आहे, पण मला ती चवीलाही लागू वाटते. थोडक्यात काय, तर स्थानिक माणूस नुसता जेवत नाही, तो आपल्यासारख्या परक्यांच्या वतीने चवीवर पहाराही देत असतो.

हा पहारा उठला की काय होतं ते व्हेनिसमध्ये दिसतं. १९५० च्या सुमारास व्हेनिसच्या जुन्या शहरात, म्हणजे कालव्यांच्या बेटावर, पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. २०२४ पासून काही ठरावीक दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्या पर्यटकांकडून पाच युरो प्रवेश फी घ्यायला सुरुवात झाली, एखाद्या म्युझियमला असते तशी. जिथे राहणारेच उरले नाहीत तिथे पुन्हा येणारं गिऱ्हाईक कुठून आणणार? २०१८ च्या जानेवारीत तिथली एक बातमी जगभर गाजली. चार जपानी विद्यार्थ्यांना सेंट मार्क चौकाजवळ चार स्टेक, थोडे तळलेले मासे आणि पाणी ह्याचं अकराशे युरोंच्या वर बिल लावलं होतं. सगळे त्या मालकावर तुटून पडले, आणि ते बरोबरच होतं. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तसल्या टेबलावर शेजारी बसून "अहो, हे काय चाललंय" असं विचारणारा व्हेनिसकर आता मिळायचा कुठून?

अजिंठ्याच्या फाट्यावर तर सुरुवातीपासूनच वस्ती नाही. पार्किंग, बसस्टॉप, दगडाच्या वस्तूंची दुकानं आणि हॉटेलं. फर्दापूरचा माणूस तिथे कामाला येतो, बायको-मुलांना घेऊन जेवायला येत नाही. पहारेकरी नसलेलं गाव म्हणा हवं तर.

इथे एक आणखी गाठ आहे. बहुतेक वेळा हॉटेल जेवणारा निवडतच नाही. ते निवडतो ड्रायव्हर नाहीतर गाईड. गाडी एखाद्या ठिकाणी थांबवल्याबद्दल ड्रायव्हरला फुकट जेवण आणि वर काही कमिशन मिळणं, हा देशभर चालणारा, सगळ्यांना ठाऊक असलेला व्यवहार आहे. त्या ड्रायव्हरला मी दोष देत नाही, त्याचा पगार किती असतो ते आपल्याला माहीत आहे. पण त्यामुळे हॉटेलवाल्याचं खरं गिऱ्हाईक बदलतं. पुन्हा पुन्हा येणारा माणूस तिथे एकच, तो ड्रायव्हर. त्याला खूश ठेवलं की झालं. म्हणजे उद्याची सावली तिथेही पडते, फक्त तुमच्या ताटावर पडत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या क्लायंटचा मिलानचा एक माणूस पुण्याला आला होता. त्याला अजिंठा बघायचाच होता. ट्रॅव्हल कंपनीने सगळं ठरवून दिलं होतं, जेवणाच्या कुपनासकट. मी गावाकडचा म्हणून सोबत. जेवणाच्या हॉलमध्ये त्याच्यासमोर बुफे मांडला होता: नूडल्स, फ्रेंच फ्राईज, पनीर, आणि पांढऱ्या सॉसमधला मॅकरोनी. मॅकरोनीकडे त्याने बराच वेळ बघितलं. मग दोन रोट्या, काकडी आणि दही घेऊन येऊन बसला आणि म्हणाला, "हे आमच्याकडे पण आहे. आम्ही त्याला मेन्यू तुरिस्तिको म्हणतो." त्याच्या आईने त्याला लहानपणी सांगितलेला नियम म्हणे असा होता, की ज्या टेबलावरून चर्च दिसतं तिथे जेवायचं नाही, दोन गल्ल्या आत जायचं.

मग त्याने मला बोलोन्येझची गोष्ट सांगितली. जगभर जे स्पॅगेटी बोलोन्येझ विकलं जातं ते बोलोन्याची माणसं आपलं मानत नाहीत. त्यांच्याकडे मांसाचा तो सॉस, रागू, खातात तो रुंद पट्ट्यांच्या ताल्यातेल्लेबरोबर. शेवटी १९८२ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रागूची पाककृती रीतसर नोंदवून ठेवली. पण पर्यटक बोलोन्यात येऊन स्पॅगेटीच मागतो, कारण त्याने घरी तेच नाव ऐकलेलं असतं, आणि हॉटेलवाला देऊन टाकतो. मी त्याला व्हेज कोल्हापुरी समजावून सांगितली. कोल्हापूरच्या नावाची भाजी, जी कोल्हापूरच्या घरात कुणी करत नाही. तो इतका हसला की पलीकडच्या टेबलावरची जपानी मंडळी बघायला लागली.

हसण्यावारी नेलं तरी ह्यात आपला वाटा आहेच. कारण पनीर कुणी मागितलं? फाट्यावरच्या एका मॅनेजरला मी एकदा सरळ विचारलं होतं, "भाऊ, भरीत का ठेवत नाही?" तो म्हणाला, "साहेब, पनीर नसलं तर बस थांबत नाही. भरीत एकदा करून पाह्यलं होतं, पुण्याच्या बाईंनी परत पाठवलं. म्हणे धुराचा वास येतो." त्याचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. चाळीस जणांचा ग्रूप, त्यात लहान मुलं, म्हातारी माणसं, पोट बिघडायची धास्ती. अशा वेळी सगळ्यांना चालेल असंच काहीतरी निवडलं जातं. सगळ्यांना चालणारं म्हणजे कुणालाच फारसं न आवडणारं.

आणि हे फक्त अजिंठ्यालाच करतो असं नाही. आपली मराठी मंडळी युरोपच्या सहलीला निघाली की माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेलं असतं: रोज भारतीय जेवण. काही सहलींबरोबर तर आचारीसुद्धा जातो. रोममध्ये, पॅरिसमध्ये, स्वित्झर्लंडमध्ये बसच्या बस ज्या भारतीय हॉटेलांसमोर उभ्या राहतात तिथे आत काय असतं? पनीर, जीरा राईस, पिवळी डाळ, गुलाबजाम. म्हणजे इटालियन माणूस अजिंठ्याला येऊन पनीर खातो आणि आपण इटलीला जाऊन पनीर खातो. जगातल्या पर्यटकांना एकत्र बांधणारा धागा म्हणून पनीरचा विचार व्हायला हरकत नाही :-) शाकाहारी माणसाची, आजी-आजोबांची अडचण मला मान्य आहे. पण पंचविशी-तिशीतल्या, रोज ऑफिसच्या कॅफेटेरियात मेक्सिकन बोल खाणाऱ्या आपल्यासारख्यांना ती सबब नाही.

"मग रेटिंग बघून जायचं ना!" हे आपल्या पिढीचं उत्तर. मीही हाच धंदा करतो, म्हणून सांगतो. रेटिंगने गिऱ्हाइकाची आठवण जोडून दिली, हे खरं. एकदाच येणारा माणूस पुढच्या एकदाच येणाऱ्याला निरोप ठेवून जातो. पण ह्यात दोन भोकं आहेत. एक म्हणजे खोटे निरोप. २०१५ मध्ये इटलीतल्या 'इतालिया आ ताव्होला' ह्या नियतकालिकाने गार्दा सरोवराकाठच्या मोनिगा गावात अस्तित्वातच नसलेलं एक हॉटेल एका प्रसिद्ध साइटवर टाकलं आणि खोट्या परीक्षणांच्या जोरावर ते त्या गावात पहिल्या नंबरवर नेऊन दाखवलं. दोन वर्षांनी लंडनमध्ये एका लेखकाने आपल्या अंगणातल्या शेडचं तेच केलं आणि ती शेड चक्क लंडनमधलं पहिल्या नंबरचं हॉटेल झाली. दुसरं भोक जास्त मोठं आहे. खरे निरोपसुद्धा पर्यटकच लिहितात. फाट्यावरच्या हॉटेलाला चार तारे देणाऱ्याने "एसी चालू होता, टॉयलेट स्वच्छ, पनीर सॉफ्ट" असं अगदी प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. त्याला भरीत मिळालं नाही ही तक्रार तो करूच शकत नाही, कारण भरीत नावाची वस्तू ह्या मुलखात आहे हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. जे लॉगमध्ये येतच नाही ते डॅशबोर्डवर दिसणार कसं?

आणि सांगायचं कुणी? इथे मात्र मला माझ्याच लोकांशी थोडं भांडायचं आहे. त्या मिलानच्या पाहुण्याला दुसऱ्या दिवशी घरी जेवायला न्यायचं ठरलं. काकूने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "पनीर आणून ठेवू का रे?" मी म्हटलं, भरीत कर. तिकडून थोडा वेळ आवाजच नाही. मग म्हणाली, "पाव्हन्याले वांगं कसं वाढायचं रे?" ह्या एका वाक्यात सगळं आलं. वांगं, भाकरी, ठेचा, बिबडे हे आपलं रोजचं, गरिबीतलं, शेतातलं खाणं. पाहुण्याला काहीतरी 'चांगलं' हवं, आणि चांगलं म्हणजे हॉटेलसारखं. अखाजीला खापरावर पुरणाचे मांडे दोन्ही हातांवर फिरवत मोठे करणाऱ्या बाईला आपल्या हातात काही खास आहे असं वाटत नाही. तिच्या हातचं खायला पुण्या-मुंबईची माणसं पैसे मोजतील, हे तिला कुणी पटवून दिलेलं नाही. (काकूने भरीत केलं. पाहुण्याने तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच आवडलं का मन राखतोय?")

इथेच मला ह्या विषयातलं खरं नुकसान दिसतं. आपलं एक जेवण वाया गेलं, चारशे-पाचशे रुपये गेले, हे काही दुःख नाही. संध्याकाळी दुसरं जेवतो. नुकसान त्या वांगी पिकवणाऱ्याचं आणि त्या भाकऱ्या थापणाऱ्या बाईचं आहे. जगातल्या उत्तम चित्रांपैकी काही चित्रं बघायला माणसं त्यांच्या दारापर्यंत येतात, दुपारी जेवणाला पैसे खर्च करतात, आणि त्यातला फार थोडा पैसा इथल्या शेतापर्यंत आणि इथल्या चुलीपर्यंत पोचतो.

हे बदलत नाही असं समजू नका. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरून माणसं येतातच की. पण तांबडा-पांढरा रस्सा त्यांना नीट मिळतो, कारण शेजारच्या टेबलावर कोल्हापूरकर बसलेला असतो आणि रस्सा बिघडला तर तो गप्प बसणारा नाही. मालवणात, तारकर्लीत घराघरांवर घरगुती जेवणाच्या पाट्या लागल्या. हुरडा तर आणखी चांगलं उदाहरण. शेतात बसून ज्वारीची कोवळी कणसं भाजून खाणं हे कुणी एके काळी विकायची गोष्ट समजत नव्हतं. आज हिवाळ्यात पुण्याच्या आसपास शनिवार-रविवारी हुरडा पार्टीचं बुकिंग करावं लागतं. हुरड्याला जमलं ते भरताला का जमू नये? मोसम तोच, शेत तेच, जाळ तोच.

माझ्या मते सुरुवात पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकापासून करायला हवी. अजिंठ्यालाही अशी माणसं आहेत, आपलं तिकडे लक्ष जात नाही इतकंच. बसचे ड्रायव्हर-कंडक्टर, लेण्यांवरचे पहारेकरी, पुरातत्त्व खात्याचे कर्मचारी, गाईड, दगड विकणारी पोरं. ही माणसं रोज दुपारी काहीतरी खातातच. एखाद्या बचत गटाने नोव्हेंबर ते फेब्रुवारी फाट्यावर चूल मांडली, भरीत, भाकरी, ठेचा आणि ताक एवढंच ठेवलं आणि आधी ह्या माणसांना रास्त भावात रोज जेवायला घातलं, तर चवीवरचा पहारा तिथे तयार होईल. मग त्यांच्या शेजारी बसून टोकियोच्या माणसाला जे मिळेल ते चांगलंच असेल. पनीरवाल्यांचं पनीर चालू राहू दे, त्यांच्याशी आपलं वैर नाही. भाकरीचा पर्याय डोळ्यांसमोर असला म्हणजे झालं.

तोपर्यंत आपण काय करायचं? मेन्यू कार्ड उघडायच्या आधी एक साधा प्रश्न विचारायचा. ड्रायव्हरला, गाईडला, तिकीट फाडणाऱ्याला: "दादा, तुम्ही स्वतः कुठे जेवता? पैसे देऊन?" 'कुठे चांगलं मिळतं' असं विचारायचं नाही, त्याचं उत्तर कमिशनमधून येतं. 'पैसे देऊन' हा भाग विसरायचा नाही. ही युक्ती मी रोमपासून रामेश्वरपर्यंत वापरली आहे. दर वेळी जेवण अप्रतिम मिळालं असं नाही, पण त्या गावाचं मिळालं. आणि हिवाळ्यात अजिंठ्याला जाणार असाल तर मुक्काम जळगावला ठेवा, संध्याकाळी भरीत सेंटर विचारत जा, आणि डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसांच्या मागे रांगेत उभे राहा. नंबर यायला वेळ लागेल. तेवढ्यात पुढचा माणूस मागे वळून "काय भो, कुठले?" असं नक्की विचारेल. त्याच्याकडून पुढच्या दोन दिवसांच्या जेवणाची सोय लिहून घ्या.